जुन्या रहस्यकथांच्या आधारे नवी रहस्यकादंबरी कशी लिहावी

रहस्यकादंबरी लिहू इच्छिणाऱ्या बहुतेकांनी आधी पुष्कळ रहस्यकादंबऱ्या वाचलेल्या असतात, आणि अनेकदा तीच त्यांची अडचण ठरते. वाचक म्हणून आपल्या लक्षात राहतात त्या ठळक गोष्टी: गुप्तहेराची विक्षिप्त सवय, धुक्यात बुडालेला रस्ता, शेवटी सगळ्या संशयितांना दिवाणखान्यात बसवून केलेला उलगडा. लिहायला बसले की हेच सामान प्रथम हाताशी येते आणि त्यातून जुन्या कादंबरीची फिकी नक्कल तयार होते. जुन्या लेखकांकडून घेण्यासारखी खरी गोष्ट निराळी आहे. कोणती माहिती वाचकाला कधी द्यायची, कोणाच्या तोंडून द्यायची आणि ती किती उजेडात ठेवायची, याचा त्यांनी पानापानावर ठेवलेला हिशेब ही ती गोष्ट. पहिल्या वाचनात हा हिशेब दिसत नाही, कारण तो दिसू नये अशीच लेखकाची खटपट असते. तो कसा शोधावा आणि त्यावरून स्वतःचे काही कसे उभे करावे, याची एक रीत येथे मांडली आहे. उदाहरणे देताना काही जुन्या कथांमधील युक्त्या उघड कराव्या लागल्या आहेत. खुनी कोण, हे मात्र कोठेही सांगितलेले नाही.

पुस्तक एकच, पण विचारपूर्वक निवडलेले

या साहित्यप्रकाराचा सगळा इतिहास वाचून मगच लेखणी उचलावी, असे नाही. एडगर ॲलन पो यांची १८४१ सालची 'द मर्डर्स इन द रू मॉर्ग', विल्की कॉलिन्स यांची १८६८ सालची 'द मूनस्टोन', आर्थर कॉनन डॉईल यांच्या शेरलॉक होम्सच्या कथा, ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९२० ते १९४० या काळातील कादंबऱ्या आणि डॅशिएल हॅमेट यांची १९३० सालची 'द माल्टीज फाल्कन' एवढे वाचले, तरी पुढे आलेल्या बऱ्याचशा गोष्टींची मुळे सापडतात. अभ्यासासाठी मात्र यांतले किंवा यांच्या जवळचे एकच पुस्तक घ्यावे. ते आधी वाचलेले असावे आणि त्याचा शेवट तुम्हाला पक्का आठवत असावा. ज्या पुस्तकाचा शेवट वाचून नुसता धक्का बसला होता, ते बाजूला ठेवा. जे वाचून 'हे सगळे माझ्या डोळ्यांसमोरच होते' अशी चुटपूट लागली होती, ते घ्या. वाचकाला न दिलेली माहिती शेवटी अचानक पुढे केली की धक्का कोणालाही देता येतो. चुटपूट लावण्यासाठी मात्र ती माहिती आधी प्रामाणिकपणे देऊन नजरेआड करावी लागते. शिकण्याजोगे कसब हेच आहे.

दुसरे वाचन वही घेऊन करावे

दुसऱ्यांदा वाचताना गुन्हेगार कोण हे ठाऊक असते, त्यामुळे कथा तुम्हाला ओढून नेत नाही आणि लेखकाचे हात दिसू लागतात. वहीत प्रत्येक प्रकरणासाठी एक पान ठेवावे. त्यावर प्रथम त्या प्रकरणात खरोखर काय घडले ते एका वाक्यात लिहावे. त्याखाली, वाचकाला त्या क्षणी काय घडले असे वाटते, ते लिहावे. या दोन वाक्यांत जेथे फरक पडतो, तेथे थांबून तो फरक कोणत्या शब्दांनी निर्माण केला आहे हे शोधावे. मग त्या प्रकरणात आलेल्या प्रत्येक खऱ्या दुव्याची नोंद करावी: तो कोणी सांगितला, कोणत्या प्रसंगात सांगितला, आणि त्याच्या आगेमागे काय ठेवले आहे. तिसरी बाब बहुतेक सगळ्यांच्या हातून सुटते, आणि तीच सर्वांत महत्त्वाची असते.

डॉईल यांची १८९२ साली प्रसिद्ध झालेली 'सिल्व्हर ब्लेझ' ही कथा या कामासाठी फार सोयीची आहे, कारण ती छोटी आहे आणि तिच्यातले दोन दुवे दोन वेगळ्या जातींचे आहेत. तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो, त्या रात्री पहारा करणाऱ्या मुलाच्या जेवणात अफू मिसळलेली असते. जेवणात मसालेदार मटण होते, हे कथेत सरळ सांगितलेले आहे. पण ते घरगुती तपशिलाच्या ओघात येते आणि वाचक पुढे सरकतो. अफूची चव साध्या जेवणात लपली नसती, आणि त्या रात्री घरात नेमके काय शिजेल हे बाहेरच्या माणसाला ठरवता येत नाही, हे लक्षात आले की संशयाची दिशाच बदलते. दुसरा दुवा प्रसिद्धच आहे: तबेल्यातला कुत्रा त्या रात्री गप्प राहिला. पहिल्या दुव्यात एक असलेली वस्तू वाचकाच्या नजरेतून सुटते. दुसऱ्यात जे घडायला हवे होते ते घडलेले नाही, याकडे त्याचे लक्ष जात नाही. न घडलेली घटना लपवणे लेखकाला तुलनेने सोपे असते, कारण मुळात दाखवायचेच काही नसते. तरीही नवे लेखक हा प्रकार क्वचितच वापरतात. आपल्या कथानकात गुन्ह्याच्या वेळी कोणती नेहमीची गोष्ट घडली नसेल, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. पुष्कळदा उत्तम दुवा तेथेच सापडतो.

ख्रिस्ती यांची पहिली कादंबरी 'द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स' याच पद्धतीने तपासली, तर आणखी एक प्रश्न समोर येतो. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या, आणि या कादंबरीतला विषप्रयोग त्या कामातूनच आला आहे. स्ट्रिक्निन हे विष अल्प प्रमाणात असलेल्या शक्तिवर्धक औषधात ब्रोमाइड हा झोपेसाठी दिला जाणारा क्षार मिसळला, तर स्ट्रिक्निन अविद्राव्य होऊन बाटलीच्या तळाशी साचते आणि शेवटचा डोस प्राणघातक ठरतो. हे रसायनशास्त्र सामान्य वाचकाला कोठून माहीत असणार? मग ही फसवणूक नव्हे काय? माझ्या मते नव्हे. कादंबरीत मरण पावलेल्या बाई रोज औषध घेत होत्या, ब्रोमाइडची पूड घरात होती आणि बाटलीतला शेवटचा डोस त्यांनी त्याच दिवशी घेतला, या गोष्टी वाचकाला आधीच सांगितलेल्या आहेत. रसायनशास्त्र न जाणणाऱ्या वाचकालाही या तीन गोष्टी एकत्र का आल्या, असा प्रश्न पडू शकतो. तुमच्या कादंबरीचा उलगडा एखाद्या विशेष ज्ञानावर अवलंबून असेल, तर निकष हाच ठेवावा: ज्ञान नसले तरी वाचकाला संशय घेता आला पाहिजे.

अशी दहा-बारा पाने भरली की दुवे लपवण्याच्या रीती आपोआप वेगळ्या दिसू लागतात. महत्त्वाची वस्तू पाच-सात किरकोळ वस्तूंच्या यादीत मध्यभागी बसवलेली असते. एखादा दुवा दिल्यावर लगेच दार वाजते, भांडण होते किंवा कोणी बेशुद्ध पडते. कधी खरी गोष्ट अशा पात्राच्या तोंडी घातलेली असते की ज्याचे बोलणे घरात कोणीच मनावर घेत नाही. आणि सर्वांत सफाईदार प्रकार म्हणजे वाचकाला चुकीच्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे: 'दार कोणी उघडले' यावर तीन प्रकरणे खर्च करायची, म्हणजे ते केव्हा उघडले गेले हे कोणी विचारत नाही.

सारांश काढून पुन्हा लिहिणे

नुसत्या नोंदींनी हात तयार होत नाही. अमेरिकन रहस्यकथाकार रेमंड चँडलर यांनी आपण कथा लिहायला कसे शिकलो, ते अर्ल स्टॅन्ली गार्डनर या दुसऱ्या रहस्यकथाकारांना एका पत्रात कळवले होते. त्यांनी गार्डनर यांच्याच एका दीर्घकथेचा अत्यंत तपशीलवार सारांश काढला, मूळ कथा बाजूला ठेवून त्या सारांशावरून ती स्वतः पुन्हा लिहिली, मग दोन्ही शेजारी ठेवून ताडून पाहिल्या, आणि हे पुन्हा पुन्हा केले. चँडलर यांची पहिली कथा १९३३ साली छापून आली तेव्हा त्यांनी पंचेचाळिशी गाठलेली होती; ज्यांना आपण उशिरा सुरुवात केली असे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

हा अभ्यास करताना सारांशात केवळ घटना लिहाव्यात, वर्णने आणि संवाद लिहू नयेत. मूळ पुस्तक निदान काही आठवडे उघडू नये. मग एकच प्रसंग निवडावा, शक्यतो संशयिताच्या चौकशीचा, आणि तो सारांशावरून लिहावा. मुळाशी ताडून पाहताना कोणाची भाषा सरस, हा विचार सोडून द्यावा. तुम्ही वाचकाला कोणती गोष्ट मूळ लेखकापेक्षा लवकर सांगून टाकली, ते पाहावे. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या लेखकाच्या बाबतीत हेच आढळते की त्याच्या चौकशीतला संशयित विचारले त्याचे सरळ उत्तर देतो. जुन्या लेखकांच्या चौकशीत माणसे उत्तर देतात, पण विचारलेल्या प्रश्नाचे देत नाहीत. त्यांना लपवायचे असते ते बहुधा गुन्ह्याशी संबंध नसलेले काहीतरी, एखादे कर्ज किंवा एखादे जुने प्रकरण. निरपराध माणसाच्या खोटे बोलण्यामागे त्याचे स्वतःचे कारण असले, म्हणजे हूल देण्यासाठी लेखकाला वेगळी लबाडी करावी लागत नाही. एवढी एक गोष्ट अंगवळणी पडली तरी अभ्यासाचे चीज झाले.

याच मार्गाने जाणारा आणखी एक अभ्यास अँथनी बर्कली यांच्या १९२९ सालच्या 'द पॉयझन्ड चॉकलेट्स केस' वरून करता येतो. तिच्यात एका मंडळाचे सहा सदस्य एकाच खुनाची सहा वेगवेगळी उत्तरे पुढे मांडतात आणि प्रत्येक उत्तर ऐकताना पटते. तुमच्या कादंबरीचा आराखडा तयार झाल्यावर, त्याच पुराव्यांवरून दुसऱ्याच पात्राला गुन्हेगार ठरवणारे एक पानभर टिपण लिहा. ते लिहिताच येत नसेल, तर तुमचा वाचक अर्ध्या वाटेवरच शेवट ओळखणार हे नक्की. ते फारच सहज लिहिता आले, तर तुमच्या खऱ्या उत्तराला पुरेसा आधार नाही. कधी कधी असे दिसते की दुसरे उत्तर पहिल्यापेक्षा सरस आहे; तसे झाल्यास निमूटपणे आराखडा बदलावा.

ज्या गृहीतकावर पुस्तक उभे आहे ते शोधणे

येथपर्यंतचे काम कारागिरीचे होते. प्रेरणा म्हणतात ती याच्या पुढे सुरू होते, आणि ती बहुधा कौतुकात थोडी तक्रार मिसळली की येते. डॉईल यांनी पो यांचे ऋण उघडपणे मान्य केले होते, पण १८८७ सालच्या 'अ स्टडी इन स्कार्लेट' मध्ये वॉटसनने होम्सची तुलना पो यांच्या द्युपँ या गुप्तहेराशी करताच होम्स द्युपँला सामान्य दर्जाचा ठरवून मोकळा होतो. ही नुसती मिस्कीलपणाची जागा नाही. पो यांचा गुप्तहेर प्रामुख्याने तर्काच्या बळावर चालतो. डॉईल यांनी वैद्यकीय शिक्षण घेताना एडिंबरा येथे जोसेफ बेल हे शिक्षक पाहिले होते, जे रुग्णाच्या हातांवरून आणि चालण्यावरून त्याचा व्यवसाय सांगत. डॉईल यांनी पो यांच्याकडून कथेचा साचा घेतला, म्हणजे विलक्षण बुद्धीचा तपासणारा आणि त्याची हकिगत सांगणारा साधा मित्र, आणि त्यात बेल यांची निरीक्षणपद्धती भरली. पुढे ख्रिस्ती यांनी तोच जोडीचा साचा घेऊन त्यात महायुद्धामुळे देश सोडून आलेला एक बेल्जियन निर्वासित बसवला. साचा उसना असला तरी आतला ऐवज लेखकाच्या स्वतःच्या पाहण्यातला आहे, हे या साखळीत दर वेळी दिसते.

म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर एक प्रश्न लिहावा: हे पुस्तक कोणती गोष्ट न तपासता खरी मानते? खुनी कोण हाच मुख्य प्रश्न आहे, असे मानते का? बर्कली यांनीच फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने १९३१ साली 'मॅलिस अफोरथॉट' लिहिली, तेव्हा एका डॉक्टरने बायकोला मारायचे ठरवले आहे हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकले आणि उरलेली कादंबरी 'हे त्याला जमेल का आणि पचेल का' या उत्कंठेवर पेलली. तपासणाऱ्याला माणसाच्या मनातले कळते, असे मानते का? हॅमेट यांनी पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत प्रत्यक्ष काम केले होते. 'द माल्टीज फाल्कन' मध्ये त्यांनी कोणत्याही पात्राच्या मनात शिरायचे नाकारले आणि केवळ हालचाली, चेहरे आणि बोलणे लिहिले, त्यामुळे नायकाची नियतसुद्धा शेवटपर्यंत अनिश्चित राहते. तपास हा एकट्या प्रतिभावंताचा पराक्रम असतो, असे मानते का? मय श्योवाल आणि पेर वाहलो या स्वीडिश जोडप्याने १९६५ ते १९७५ या काळात लिहिलेल्या दहा कादंबऱ्यांत तपास पोलिसांच्या एका चमूकडे दिला. त्यात कंटाळा, वाट पाहणे, सर्दी आणि सहकाऱ्यांची कुरबूर यांना जागा मिळाली, आणि गुन्ह्यामागचा समाज दिसू लागला.

गृहीतक मोडण्याऐवजी ते जाणीवपूर्वक पुन्हा वापरणे हाही मार्ग आहे, मात्र तो अधिक अवघड आहे. जपानी लेखक युकितो आयात्सुजी यांच्या १९८७ सालच्या 'द डेकागॉन हाऊस मर्डर्स' मध्ये रहस्यकथाप्रेमी विद्यार्थी एका बेटावर जातात. त्यांनी एकमेकांना एलेरी, ॲगाथा, कार, पो अशी जुन्या लेखकांचीच टोपणनावे दिलेली असतात. बेटावर अडकलेली आणि एकेक करून मरणारी माणसे, ही ख्रिस्ती यांच्या १९३९ सालच्या 'अँड देन देअर वर नन' या कादंबरीची रचना वाचकाला माहीत आहे, हे धरूनच आयात्सुजी पुढची खेळी करतात. येथे अनुकरण हीच हूल आहे. तुम्हाला असे करायचे असेल, तर एक पथ्य पाळावे: ज्याने जुने पुस्तक वाचलेलेच नाही, त्यालाही तुमची कादंबरी पूर्ण वाटली पाहिजे. केवळ जाणकारांना गुदगुल्या करणारे संदर्भ मला फारसे भावत नाहीत. दोन-तीन ठीक, त्यापुढे ते कथेला अडवतात.

वास्तवातला गुन्हा वापरायचा असेल तर

जुन्या लेखकांनी वर्तमानपत्रांतून पुष्कळ घेतले, आणि ते कसे घेतले हे पाहण्यासाठी 'द मूनस्टोन' इतके चांगले उदाहरण दुसरे नाही. इंग्लंडमधील रोड हिल हाऊस येथे १८६० साली एका लहान मुलाचा खून झाला. स्कॉटलंड यार्डचे जोनाथन व्हिचर यांच्या तपासात एक हरवलेला झोपण्याचा झगा आणि घरातली धुण्याची वही यांना महत्त्व आले होते. कॉलिन्स यांनी आठ वर्षांनंतर या प्रकरणातला खून पूर्णपणे गाळला आणि त्या जागी हिऱ्याची चोरी ठेवली. झगा ठेवला, पण त्यावर रक्ताऐवजी दाराचा ओला रंग आणला. व्हिचर यांच्यावरून सार्जंट कफ घडवला आणि त्याला गुलाबांचे वेड दिले. प्रतिष्ठित घरात पोलीस शिरला की नोकरचाकरांपासून मालकांपर्यंत सगळे कसे अंग चोरतात, हा त्या प्रकरणातला खरा अर्क मात्र त्यांनी जपला, आणि कथा अनेक जणांच्या जबान्यांमधून सांगून प्रत्येकाचे अर्धवट पाहणे हेच रहस्याचे साधन बनवले. वास्तवातून वस्तू आणि वागण्याची तऱ्हा घ्यावी, पीडिताचे दुःख आणि ओळख घेऊ नये, असा धडा यातून मिळतो. तो नीतीचा आहे तितकाच कलेचाही आहे, कारण घटना बदलली की लेखकाला तिच्यावर ताबा मिळतो.

नियमांचे काय करावे

रहस्यकथा कशी लिहावी याचे १९२८ साली एस. एस. व्हॅन डाइन यांनी वीस आणि १९२९ साली रोनाल्ड नॉक्स यांनी दहा नियम सांगितले; दोघेही स्वतः रहस्यकथा लिहीत. त्यांतले काही आजही उपयोगी आहेत: गुन्हेगार कथेत लवकर दिसावा, उलगड्यासाठी दैवी शक्तीचा आधार घेऊ नये, आजवर न सापडलेले विष वापरू नये. काही निव्वळ त्या काळाचे पूर्वग्रह आहेत. लक्षात घ्यायचे ते इतकेच की हे नियम येण्याच्या आधी, १९२६ सालीच, ख्रिस्ती यांनी 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' मध्ये वाचकाच्या विश्वासाशी असा काही खेळ केला होता की त्यावर वाद झाला. ती कादंबरी पुन्हा वाचली, तर तिच्यात खोटे वाक्य सापडत नाही. वगळलेले तेवढे सापडते. नियम मोडायचा असल्यास ही सीमा सांभाळावी. गाळण्याचे स्वातंत्र्य घ्यावे, निवेदनात असत्य लिहू नये.

काय घेऊ नये

गुप्तहेराच्या लकबी घेऊ नयेत. त्या त्या लेखकाने आपल्या पात्राच्या स्वभावातून काढल्या होत्या, आणि उसन्या लकबीत स्वभाव येत नाही. काळाशी जखडलेल्या युक्त्याही तपासून घ्याव्यात. जुन्या कथांतले कितीतरी गुन्हे बोटांचे ठसे, दूरध्वनी किंवा रक्ताची तपासणी सर्रास नसण्यावर अवलंबून होते. आजच्या काळात कथा घडवताना मोबाइलची बॅटरी संपवून पळवाट काढण्यापेक्षा मोबाइलच्या नोंदीच दिशाभूल करतील अशी रचना शोधावी; ठरावीक वेळी आपण दुसरीकडेच होतो हे दाखवणे, हा जुनाच डाव आहे, फक्त त्याचा साक्षीदार आता यंत्र असते. कथानकाची कल्पना कोणाच्या मालकीची नसते, पण पात्रे, प्रसंगांची मांडणी आणि वाक्ये असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

मसुदा तपासताना

पहिला मसुदा पूर्ण झाल्यावर अभ्यासाच्या पुस्तकासाठी जी वही केली होती, तशीच स्वतःच्या कादंबरीसाठी करावी: काय घडले, काय घडल्यासारखे वाटते, दुवा कोठे ठेवला आणि त्याच्या आगेमागे काय आहे. ज्या सलग प्रकरणांत एकही खरा दुवा नाही, ती बहुधा रेंगाळलेली असतात. सगळे दुवे शेवटच्या चौथाईत गोळा झाले असतील, तर त्यांतले दोन तरी पहिल्या पन्नास पानांत हलवावेत. ते तेथे फार उघडे पडतील अशी भीती वाटते, पण वाचकाला तेव्हा प्रश्नच माहीत नसल्यामुळे उत्तर दिसले तरी कळत नाही. त्यानंतर मसुदा अशा एखाद्या वाचकाला द्यावा, जो स्पष्ट बोलेल. 'आवडली का' असे त्याला विचारू नये. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्याचा संशय कोणावर आहे आणि का, एवढेच समासात लिहायला सांगावे. त्याचा संशय खऱ्या गुन्हेगारावर एकदाही गेला नाही, तर दुवे फार खोल पुरले गेले आहेत. तो एकदा गेला, मग योग्य कारणाने दुसरीकडे वळला आणि शेवटी परत आला, तर त्या वळणाची प्रकरणे तशीच ठेवून उरलेल्या भागावर काम करावे.